फडकं माझ्या गळ्यात होतं

तुमच्या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो, हे आधीच कबूल करतो. माझी उभी हयात वीज मंडळात मीटर तपासण्यात गेली. काटा हलला तर वीज आहे, नाही हलला तर नाही... त्यापलीकडे माझा कशावर विश्वास नव्हता. आजही फारसा नाही. पण एका रविवारचं कोडं मला सुटलेलं नाही. त्यात माझी स्वतःची चूक आहे, म्हणून आजवर ते चारचौघांत सांगायचं टाळलं.

सोलापूर. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही दहा-अकरा जण मोटरसायकलच्या नादी लागलेले. बुलेट, जावा, राजदूत, ज्याला जे जमेल ते. आमच्या बायका आम्हाला 'धुराचं भजनी मंडळ' म्हणायच्या. दर रविवारी सकाळी सातला सात रस्ता चौकाजवळ रशीदभाईंच्या गॅरेजसमोर जमायचं आणि मोडनिंब, अकलूज, अक्कलकोट, कुठंतरी जाऊन भजी खाऊन परत यायचं. रशीदभाई आमचे मिस्त्री आणि म्होरकेही. लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवून त्याची मूठ कानाला लावायचे आणि आत काय दुखतंय ते सांगायचे.

त्यांचा एक नियम होता. रस्ता चुकण्यासारखा फाटा आला की एकाने गळ्यात लाल फडकं बांधून तिथं थांबायचं आणि मागच्यांना हाताने वाट दाखवायची. सगळ्यात शेवटचा गडी आला की फडकं त्याच्या हातात द्यायचं, मगच जागा सोडायची. मुक्कामाला शेवटच्याच्या हातात फडकं दिसलं की रशीदभाई निर्धास्त व्हायचे. नियम साधा होता आणि तो कधी कुणी मोडला नव्हता.

आता सिद्रामविषयी. माझा शाळेपासूनचा दोस्त, वडिलांच्या धान्याच्या दुकानात बसायचा. मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी गाडी त्याने भंगारवाल्याकडून आणली — पोत्यात भरून, खरंच सांगतो. दोन वर्षं अंगणात बसून त्याने ती उभी केली. त्याची आई, अव्वा, अक्कलकोटच्या पलीकडची. घरात कानडी, दारात मराठी. गाडीचे नट-बोल्ट तिच्या मसाल्याच्या डब्यांत असायचे आणि त्यावरून ती रोज सिद्रामला फैलावर घ्यायची. पण अट एकच घातली होती, गाडी चालू झाली की मागं पहिली मी बसणार.

माझेही मिलिटरीचेच बूट होते, गुडघ्याखालपर्यंत नाड्यांचे. त्यांच्या उंबऱ्यावर ते काढायला मला इतका वेळ लागायचा की अव्वा आतून ओरडायची, "तम्मा, तुजं बूट निघंस्तवर भाकरी गार हुती की रे!" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. पण ती सगळ्यांनाच तसं म्हणायची.

तर त्या जानेवारीत आमच्यातल्या एकाच्या शेतावर हुरड्याचा बेत ठरला. शेत अक्कलकोट रस्त्याला, वळसंगच्या पुढं. सिद्रामची गाडी नुकतीच चालू झालेली, तेव्हा अव्वा पहिल्यांदा मागं बसून येणार होती. मांडीवर शेंगाचटणीचा डबा, आडवी बसलेली, एक हात लेकाच्या खांद्यावर. सिद्राम हळू येणार म्हणून तोच शेवटचा.

दोनच दिवसांपूर्वी रशीदभाई त्या रस्त्यानं आले होते. वळसंगच्या पुढं, एका चढाच्या पलीकडे, मोरीच्या कामासाठी रस्ता आडवा खणून ठेवलेला. पाटी नाही, दगड नाहीत. चढ चढून माथ्यावर येईपर्यंत खड्डा दिसतच नव्हता आणि दिसला तरी तोवर उशीर झालेला असायचा. चढाच्या अलीकडूनच उजवीकडे शेतातल्या कच्च्या वाटेनं वळायचं होतं. त्या वळणावर रशीदभाईंनी मला उभं केलं. फडकं माझ्या गळ्यात बांधत म्हणाले, "सिद्राम के साथ उसकी माँ है. वो निकले बगैर हिलना नक्को."

मी म्हटलं, "हौ."

नऊ गाड्या गेल्या. सिद्राम येईना. अर्धा तास झाला, मग तास झाला. माझ्या मनात काय चाललं होतं ते लपवत नाही — हुरडा. ज्यांनी खाल्लाय त्यांना कळेल. आगटीतून काढलेलं कणीस हातावर गरम गरम चोळायचं आणि तसंच तोंडात टाकायचं. गार झाला की गेली मजा. शेत पुढं जेमतेम पाच किलोमीटर. मी मनाची समजूत घातली, अव्वाला वारा बाधला असेल, सिद्राम तिला घेऊन परत गेला असेल. एवढं ठरवायला मला दोन मिनिटं लागली. किक मारली आणि निघालो.

शेतावर पोचलो, आगटीपाशी बसलो, खाल्लं. पोटभर खाल्लं. वीस-पंचवीस मिनिटं सहज झाली असतील. मग रशीदभाई विहिरीवरून हात धुऊन आले आणि माझ्यासमोर थांबले.

"कपडा तेरे गले में है," ते म्हणाले, "तो वहाँ कौन खडा है रे?"

माझ्या हातातलं कणीस तसंच राहिलं. मला एकदम तो चढ दिसला, आणि चटणीचा डबा धरून आडवी बसलेली अव्वा. आयुष्यात इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही... रशीदभाईंनी शिवी दिली नाही, हेच जास्त लागलं. ते गाडीकडे पळाले, त्यांच्यामागं मी.

आम्ही बांधापर्यंत पोचलो तोच तो आवाज आला. जुन्या एक सिलेंडरच्या गाडीचा, सावकाश, ठक ठक ठक. सिद्राम आणि मागं अव्वा, डब्यासकट.

प्लगमध्ये कचरा आला म्हणून वाटेत दोनदा थांबलो, असं सिद्राम सांगू लागला. रशीदभाईंनी त्याला मधेच अडवलं. "तुला वळायचं कुणी सांगितलं?"

"कुनी म्हंजे?" सिद्रामनं माझ्याकडे बोट केलं. "ह्यो उभा होता की! मी सरळच निगालो हुतो. ह्यानं दोनी हात आडवं केलं, मग उजवीकडं हात दावला."

मी म्हटलं, "सिद्राम, मी केव्हाचा इथं आहे."

"चल रं. आता दा मिंटापूर्वी बगितलं तुला. फडकं दे म्हणून हात म्होरं केला, तर मोकळे हात दावलेस. म्हणलं, इसरला असशील." मग त्याचं लक्ष माझ्या गळ्यातल्या फडक्याकडे गेलं.

अव्वा खाली उतरली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पोराला पानी द्या कुनीतरी. लई येळ उनात उभा हुता."

मी परत परत सांगितलं की तो मी नव्हतो. नऊ जण साक्षीला होते. सिद्रामला ते पटलं नाही. त्याला वाटलं, मी मधल्या पायवाटेनं गाडी दामटून आधी पोचलो आणि रशीदभाईंनी झापल्यामुळं रुसलोय. दुपारी रशीदभाई आणि मी त्या वळणावर परत गेलो. मुरमाड, कडक जमीन, कशाचाही ठसा उमटण्यासारखी नाही. लांबवर एक धनगर मेंढ्या घेऊन होता, त्याला विचारलं. सकाळपासून इथं माझ्याशिवाय कुणी उभं राहिलेलं त्याने पाहिलं नव्हतं. "तुमीच हुता की दिसभर," तो म्हणाला. केव्हा गेलो, ते त्याला सांगता येईना. मग चढावर जाऊन खड्डा पाहिला. दोन पुरुष खोल, तळाशी दगड. रशीदभाईंनी माझ्या गळ्यातलं फडकं सोडून घेतलं. परत येताना गॅरेजपर्यंत फडकं त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवलं.

त्यानंतर दर दिवाळीला सिद्रामकडून माझ्या घरी शेंगाचटणीचा डबा यायचा. अव्वाच्या हातची, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. सिद्राम पाहुण्यारावळ्यांत सांगायचा, "ह्यो उनात ताटकळत उभा ऱ्हायला म्हणून माजी अव्वा हाय." मी नाही म्हटलं की लोक म्हणायचे, किती विनय आहे बघा माणसात! चोराला शाबासकी मिळावी तसं वाटायचं. ती चटणी मला कधी गोड लागली नाही. बायको-मुलं मात्र मिटक्या मारत खायची.

बऱ्याच वर्षांनी, अव्वा खूप थकल्यावर, रिकामा डबा परत करायच्या निमित्तानं मी एकटा गेलो. सिद्राम दुकानात होता. अव्वा सुपात शेंगा निवडत बसली होती. उंबऱ्यावर बूट काढले — ते जुने नव्हेत, साधेच — आणि तिच्यापुढं बसून सगळं सांगितलं. हुरड्याचं सांगितलं. तुम्हाला सोडून खायला गेलो, हेही सांगितलं. सांगताना रडू आलं, ते लपवलं नाही.

अव्वा शेंगा निवडत राहिली. मग म्हणाली, "ठावं हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"त्यो तू न्हवतास ते. तुजं बूट निगायला अर्धा तास लागतोय. त्यो अनवानी हुता की."

तिनं तेव्हाच ते पाहिलं होतं आणि इतकी वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "मग अव्वा, तुम्ही त्या दिवशी का बोलला नाहीत? आणि चटणी मला का पाठवत होता?"

"बोलले असते तर सिद्रामनं तुला दोस्त म्हनला असता व्हय?" तिनं सूप बाजूला केलं. "आन् चटनी... त्यो कोन, कुटला, मला काय म्हाईत? त्येचा पत्ता कुटं हुडकू? त्येला तुजं तोंड हुतं, म्हून तुज्याकडं."

माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं असतं तर मी मीटर लावून पाहिलं असतं. पण मी तिथं नव्हतो, सगळा घोळ तोच आहे. सिद्रामला भास झाला म्हणावं, तर त्याच्या आईलाही तोच भास कसा झाला? आणि धनगराला? मला उत्तर सापडलेलं नाही, आणि आता सापडेल असंही वाटत नाही.

त्या दिवशी निघताना अव्वानं मी आणलेला रिकामा डबा घासला, पुसला आणि पुन्हा भरून माझ्या हातात दिला. घरी जाऊन पहिल्यांदाच मी ती चटणी भाकरीबरोबर पोटभर खाल्ली. त्याआधी चमचाभर एका पानावर काढून अंगणात ठेवली. कुणासाठी ते बायकोनं विचारलं नाही, आणि मलाही सांगता आलं नसतं.