कुरडयांशेजारी वाळलेला व्हिडिओ गेम

"पोरगी इंजिनेर हाये म्हणे, पण एक फडकं मारता येत नाही तिले!"

अकोल्याच्या घरी जिन्यात चप्पल काढताना हे कानावर आलं. बोलत होत्या सुषमाकाकू, ऐकत होते मधुकाका, आणि पोरगी म्हणजे मी. माझ्याबद्दलची सगळी माहिती मला अशीच जिन्यात मिळते.

"इतका घाण ठेवून गेली तो बोर्ड," काकू पुढे म्हणाल्या. "मीच धुतला मंग. पाहा, कसा चकचकीत झाला!"

मी जिन्यातच बसले.

बोर्ड म्हणजे पोळपाट नव्हे, जुन्या व्हिडिओ गेमचा सर्किट बोर्ड. काकांचं तरुणपणी बसस्टँडजवळ व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. कपाटाएवढी मशीनं, पुढे दांडी आणि बटणं. नाणं टाका आणि शाळा बुडवा! पार्लर बंद पडून जमाना झाला. शेवटचं एक मशीन मात्र मागच्या खोलीत धूळ खात उभं होतं, आणि काका त्याच्याबद्दल असे बोलत, जणू व्हिडिओ गेमचा शोध अकोल्यात त्यांनीच लावला.

मी अमरावतीला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि सुट्टीत असले जुने बोर्ड दुरुस्त करते. घरचे याला "पोरीचा टाइमपास" म्हणतात. त्यासाठी मला काकांची ती मागची खोली हवी होती. मागायला मी दोन वर्षं घेतली. (वाक्य चार शब्दांचं होतं.)

"अक्षय तृतीयेले हे मशीन चालू करून दाखव," काका म्हणाले. "खोली तुई. नाही त तुह्या काकूले पापड-कुरडया ठेवाले पाहिजेच हाये."

मशीनमधला मूळ बोर्ड पार मेलेला होता. माळ्यावर दुसऱ्या एका गेमचा बोर्ड सापडला, पण त्याची एकही तार या मशीनशी जुळेना. मग पाच रविवार अमरावती-अकोला एसटी, आणि दिवसभर एकेक तार सोडवून नव्या जागी जोडणं. पाचव्या रविवारी पडद्यावर विमान उडालं! काकांनी ताबडतोब शेजारी फोन लावला, "आरे, जमवलं मी!" (त्यांनी टॉर्च धरला होता. तोही माझ्या डोळ्यांवर.)

एकच नाजूक गोष्ट होती. अख्खा गेम त्या बोर्डवरच्या चार चिपमध्ये साठवलेला होता, आणि प्रत्येक चिपच्या पाठीवर काचेची एक इवलीशी खिडकी होती. त्या खिडकीतून कडक ऊन आत जात राहिलं, की काही दिवसांत चिप सगळं विसरते. म्हणून मी बोर्ड मशीनमधून काढून चारही खिडक्यांवर नवे काळे स्टिकर लावले, त्यांवर पांढऱ्या शाईने बारीक, सुबक अक्षरात सूचना लिहिली, बोर्ड टेबलावर ठेवला आणि निर्धास्त मनाने अमरावतीला गेले.

आता दहा दिवसांनी मी जिन्यातून उठून वर आले. "काकू, बोर्ड कुठंय?"

"गच्चीवर, बाई. नऊ दिवस झाले, वाळवून राहिली ना मी!"

गच्चीवर जुनं लुगडं अंथरलेलं. एका बाजूला कुरडया, दुसऱ्या बाजूला मुगवड्या, आणि मधोमध माझा बोर्ड. धुतला उत्तम होता. मऊ ब्रश, भांड्यांचा साबण, भरपूर पाणी. खरं तर आम्हीही असाच धुतो! फक्त चार खिडक्या उघड्या, आकाशाकडे टक लावून बसलेल्या.

"कायचे तरी कागद चिटकले होते चार," काकू म्हणाल्या. "उलथन्यानं खरडून काढले."

कुठल्याही शहाण्या माणसाने इथे तोंड उघडलं असतं. मी उघडलं आणि म्हणाले, "छान झालाय."

वाटलं, ऊन कमी पडलं असेल. वैशाखाच्या तोंडावर! अकोल्यात! जिथे पारा अमरावतीपेक्षा अर्धा अंश खाली गेला तर लोकांना अपमान वाटतो! बरं, चिपमधला मजकूर आधी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचा, हा या कामातला पहिला नियम. तो मी पाळणारच होते. अक्षय तृतीयेनंतर.

रात्री मी बोर्ड मशीनमध्ये बसवला, पण चालू करून बघायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी, अक्षय तृतीयेच्या सकाळी, काकांनी जुने बारा दोस्त बोलावले. मशीन पुढच्या खोलीत आणवून त्याला हार घातला, नारळ फोडला, "आपल्या जमान्यात" या विषयावर भाषण केलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर रंगीत चौकोन उमटले. कोणीतरी भेळ सांडावी तसे. मग तेही जागच्या जागी थिजले.

"व्होल्टेज नाही," एक दोस्त म्हणाला. "चायना माल," दुसरा म्हणाला. (बोर्ड जपानी होता.) तिसऱ्याने थेट मशीनच्या कानशिलात एक ठेवून दिली. आणि मधुकाका गर्दीकडे वळून स्वच्छ आवाजात म्हणाले, "सारं कनेक्शन हिनंच केलं बरं!"

"काहून व, काय झालं?" काकूंनी विचारलं.

बारा जण माझ्याकडे बघायला लागले. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "ऊन लागलं त्याला."

हशा! "मशीनले ऊन लागलं बे! कांदा आणा, कांदा!" आणि आणलाही. हाराच्या शेजारी ठेवला. मग मात्र मला राग आला आणि मी खिडक्या, स्टिकर, ऊन, सगळं एका दमात सांगून टाकलं. आयुष्यात इतकी वाक्यं मी सलग बोलले नव्हते. हशा थांबला. काकूंचा चेहरा उतरला.

"अव बाप्पा! म्हणजे म्या केलं हे?" त्या म्हणाल्या. "पण मंग सांगाचं ना! नाही बोलता येत त नाही, त्या कागदावर तरी लिहाचं होतं, काढू नका म्हणून. मले काय वाचता येत नाही? दहावी पास हावो मी!"

"लिहिलं होतं," मी म्हणाले.

"ते? ते बारीक किडेमुंग्यासारखं? मले वाटलं, कंपनीचं असन!" काकूंनी कंबरेवर हात ठेवले. "कशात लिहिलं होतं?"

मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. मशीन तिथून हलताच पापडांचा पहिला डबा आत गेला होता.

"इंग्रजीत," मी म्हणाले.