आज समदं मोडायचंय!

पुण्याजवळच्या मांजरीत आमच्या कंपनीची बस थांबायची, तिथेच एका बाईंचं टोमॅटोचं पॉलिहाऊस होतं. बाहेरच्या चपलांनी रोग येतो म्हणून त्या कुणाला दारातही उभं करायच्या नाहीत. हंगाम संपला त्या सकाळी मात्र स्वतःच ओरडल्या, "ओ कंपनीवाले, या आत! आज समदं मोडायचंय!"

गळ्यातली आयकार्डं सावरत आम्ही घुसलो. बाई वेल टांगलेली सुतळी वरून कापायच्या, की डोक्यापेक्षा उंच वेल धप्पकन खाली! आम्ही पोरांसारखे ओरडत होतो.

एका वेलाला फुलं होती. "अहो, हा राहू द्या ना," मी म्हणालो.

"फुलं तर शेवटपर्यंत येत्यात. त्यांचं ऐकलं तर नवी रोपं लावू कुठं?" म्हणत त्यांनी कात्री माझ्याच हातात दिली.

बाहेर बस हॉर्न वाजवत राहिली आणि मी पुढच्या ओळीकडे पळालो.