कोरडी पत्रकं

सेतुअप्पा सायकलवरून कुणालाही मागे टाकत नसत. पुढे शेळ्यांचा कळप असो की गप्पा मारत चाललेल्या दोन म्हाताऱ्या, ते घंटी वाजवायचे नाहीत. एक पाय जमिनीला टेकवत त्यांच्याच चालीनं मागून जात राहायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते कुंभकोणमच्या बाजारात, एका म्हशीच्या मागे. 'रस्ता सर्वांचा' हे पत्रक मी त्याच सकाळी छापून आणलं होतं, त्यामुळे ते दृश्य पाहून मला संतापच आला. मी त्यांना गाठून सायकलस्वाराच्या हक्कांबद्दल चांगलं खडसावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिलाही जाणें आहेच की गे."

अशी मराठी मी साताऱ्यात कधी ऐकली नव्हती. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या काळात तंजावरला आले आणि भाषा त्या काळातली तशीच घरात राहिली, तमिळची फोडणी तेवढी पडली. हातमाग कामगारांच्या एका संघटनेत कामाला लागून मी इथे आले तेव्हा मला वाटलं होतं की मराठी आता सुट्टीपुरती. अप्पांना माझ्या मराठीची गंमत वाटायची. "तूं वर्तमानपत्रासारखी बोलतेस," ते म्हणायचे, "मधें श्वास नाही."

अप्पा चष्मे करायचे. तलावामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं आणि काचा ते अजून हातानं घासत. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, पण त्यावर त्यांचा भरवसा नव्हता. चष्मा नाकावर चढवला की ते माणसाच्या हातात सुई आणि रेशमाचा धागा द्यायचे. धागा ओवला गेला तर चष्मा बरोबर, नाहीतर काच परत घासायला. "तक्त्यापुढें माणूस खोटें बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "सुईपुढें बोलतां येत नाही."

म्हाताऱ्या विणकरांना चष्मे मिळावेत म्हणून आम्ही सायकल फेरी काढली. कुंभकोणमहून निघायचं, नागपट्टिणम, सीरकाळी करत चार दिवसांत परत यायचं, वाटेत देणग्या मागायच्या आणि अप्पांनी आधीच घरोघर जाऊन डोळे तपासून ठेवलेल्या लोकांना चष्मे द्यायचे. तारखा मी ठरवल्या, नोव्हेंबरच्या. दिवाळीनंतर पाऊस नसतो हे साताऱ्याच्या माणसाला इतकं पक्कं ठाऊक असतं की तो कुणाला विचारत नाही. मीही विचारलं नाही. इथला खरा पाऊस नोव्हेंबरातच पडतो हे बारा सायकलस्वारांपैकी अकरा जणांना माहीत होतं. त्यांना वाटलं, पावसात जाणं हाच माझा निषेधाचा प्रकार असावा.

शेवटच्या दिवशी सीरकाळीहून निघालो तेव्हापासून आभाळ फाटलेलं होतं. मी अर्थातच सगळ्यांच्या पुढे, पाठीला झेंडा बांधून. तो ओला होऊन प्रत्येक वाऱ्यासरशी माझ्याच तोंडावर चापट मारत होता. मयिलाडुतुरै ओलांडेपर्यंत माझ्या घोषणा बंद पडल्या, कुट्टालमपर्यंत गुडघे. लांब बोटांचे हातमोजे घातलेले, महागड्या सायकलींचे लोक एकेक करून मला मागे टाकून गेले. शेवटी माझ्या मागे फक्त अप्पा उरले, काळी जुनी सायकल, वर खोचलेली धोतरासारखी वेष्टी, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. मी थांबले की थांबत, निघाले की निघत. "तुम्ही व्हा पुढे," मी चिडून म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि मागेच राहिले.

कुट्टालमच्या बस थांब्यावर आम्ही आडोशाला उभे राहिलो. अप्पा समोर चहा आणायला गेले आणि मी ते केलं, जे इतकी वर्षं कुठल्याही पत्रकात छापलेलं नाही. शेवटच्या मुक्कामाचे चष्मे सकाळी अप्पांनी माझ्याकडे दिले होते, माझ्याकडे पाणी न शिरणारी पिशवी होती म्हणून. प्रत्येक चष्मा कापडी खिशात, खिशाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर शाईच्या पेनानं नाव आणि नंबर. माझी पत्रकं मात्र साध्या झोळीत भिजायला लागली होती. काच काही पावसानं विरघळत नाही, असा मी विचार केला आणि अदलाबदल केली. पत्रकांचं नाव होतं 'दृष्टी हा हक्क आहे'.

तिरुविडैमरुदूरला पोचलो तेव्हा एका ओसरीवर सोळा म्हातारे विणकर माग सोडून आमची वाट पाहत बसले होते. मी चष्मे काढून अप्पांपुढे ठेवले. चिठ्ठ्यांवर निळा ओघळ होता, अक्षर एकही नव्हतं. अप्पा वही ठेवत नसत. जे होतं ते त्या चिठ्ठ्यांवरच होतं.

कामाक्षीअम्मा पुढेच बसली होती. तिच्या दोन साड्यांत तुटलेले धागे राहिले होते आणि मालकानं बजावलं होतं की तिसऱ्या साडीत खोट निघाली तर माग दुसऱ्याला देईन. तिसरी साडी मागावर अर्धी झाली होती. चष्मा पुढच्या आठवड्यात मिळून चालणार नव्हता.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पिशवीत पाणी शिरलं." हे मी संघटनेच्या प्रवक्त्याच्या आवाजात म्हटलं.

सगळे चष्मे त्यांनी सुपात ओतले, खिशातून सुया काढल्या आणि सोळा जणांना ओळीत बसवलं. चष्मा घाल, धागा ओव, नाही जमत, दुसरा घाल. ओवलेला धागा सुईतून परत काढायचा आणि पुढच्याच्या हातात द्यायचा, हे काम माझं. अन्यायाविरुद्ध मुठी वळणारी मी तीन तास सुईतून दोरा काढत बसले. मध्ये माझं एक पत्रक हातात घेऊन कामाक्षीअम्मानं डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, उलटं केलं. मजकूर जास्त आणि कागद कमी, म्हणून मी अक्षर मुंगीएवढं घेतलं होतं. ती तमिळमध्ये काहीतरी म्हणाली आणि ओसरी हसली. मी अर्थ विचारल्यावर अप्पांनी सांगितला: हें वाचतां आलें असतें तर आम्ही इथें कशाला बसलों असतों?

मग पत्रकांचा उपयोग झाला. आख्ख्या गावात तेवढाच कोरडा कागद होता. आम्ही त्यानं काचा पुसल्या.

कामाक्षीअम्माला तेरावा चष्मा लागला. धागा पहिल्या झटक्यात सुईतून गेला. तिनं तो काढून परत एकदा ओवला, मग चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मागावर निघून गेली. ती साडी निर्दोष उतरली. मागही तिच्याकडेच राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात अप्पांनी अंथरूण धरलं. मी रोज जायचे. एका दुपारी मला राहवेना आणि मी कुट्टालमच्या बस थांब्याची सगळी गोष्ट सांगितली, श्वास न घेता, वर्तमानपत्रासारखी.

"मज ठावें होतें," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तेव्हांच. अवघ्या रस्त्यांत तुझे कागद तेवढे कोरडे होते गे."

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. "बोललों असतों तर तूं रडत बसली असतीस. मग दोरा कोण काढतें?"

आठवड्यानं ते गेले. त्यांच्या पोरांनी दुकान बंद केलं, तक्ता कुणीतरी नेला. सुया मी मागून घेतल्या.

फेरी अजून निघते, नोव्हेंबर सोडून. माझी पत्रकं आता एका वाक्याची असतात आणि अक्षर बोटाएवढं. झेंडा कुणीतरी दुसरं घेतं. मी सगळ्यांच्या मागे असते, आणि जो दमून थांबतो तो हमखास चिडून म्हणतो, तुम्ही व्हा की पुढे. मी नुसती मान हलवते. चष्म्यांची पिशवी माझ्याकडे द्यायला लोक अजून जरा कचरतात, आणि ते बरोबरच आहे.