उजव्या कळीचं निदान

मी महाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. भूतखेत, करणी, भानामती... सगळ्यांची वर्गात खिल्ली उडवून झाली आहे. त्यामुळे हे वाचून माझे विद्यार्थी पोट धरून हसतील. हसू देत!

साल अठ्ठ्याण्णव. माझा मावसभाऊ सुरेश एमआयडीसीत कामाला. त्याला आवाज ऐकू यायला लागले. कंपनीतला पंप म्हणे त्याला नावानं हाक मारून शिव्या घालायचा! आठ दिवस कामावर गेला नव्हता. बायकोच्या हातचं जेवत नव्हता — त्यात विष आहे म्हणे. मी म्हटलं, डॉक्टरकडे नेऊ. मावशी म्हणाली, "आदी कौल. देवानं सांगितल्याबिगर मी पोराला कुठं न्यायची नाय!"

म्हणून रविवारी सकाळी पोलादपूरजवळ, त्यांच्या वाडीतल्या देवळात. गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

"भायरची बाधा हाय?" ...ढिम्म.

"करणी हाय?" ...ढिम्म.

"पूर्वजांचं काय राह्यलंय?" ...ढिम्म.

अर्धा तास गेला. मला कंटाळा आला आणि — माझी जुनी खोड! — गंमत म्हणून मनातल्या मनात विचारलं, 'गांजा?'

टप्! उजवी कळी.

गुरव चमकला. "मी तर काय इचारलंच नाय! कोन बोललं रे?"

"मी," मी म्हणालो. "मनात. सुरेश गांजा ओढतो का म्हणून."

सुरेश पांढराफटक. मग मावशीचे पाय धरून रडायलाच लागला. "दोन वर्सं, आये... रोज."

मावशीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, देवाला हात जोडले आणि माझ्यावर खेकसली, "बगतोस काय, मास्तर? रिक्षा आन!"

डॉक्टरांनी बारीक चौकशी केली. गांजा आधी की आवाज आधी? घरात आणखी कुणाला असा त्रास? मग म्हणाले, "खरं सांगितलंत म्हणून निदानाला वाट मिळाली. गोळ्या देतो, गांजा पूर्ण बंद. आवाज गेले आणि पुढेही परतले नाहीत, तर बहुधा ते गांजाचेच. राहिले, तर आजार वेगळा. उपचार दोन्हीला आहेत."

दीड महिन्यानं सुरेश कामावर परतला. संध्याकाळी मावशी दारातच उभी. "काय म्हनला पंप?"

"काय नाय गो आये. नुसता घरघरतोय." आणि बायकोकडे वळून, "भाकरी वाढ. भूक लागलीय."

कळी सुकली, म्हणून पडली — वर्गात मी असंच सांगेन. पण सुरेशला मी कधी विडी ओढतानाही पाहिलं नव्हतं. मग तो शब्द नेमका तेव्हाच माझ्या डोक्यात टाकला कुणी? डॉक्टरांनाही विचारून पाहिलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे रोखून बघितलं, कोरा केसपेपर पुढे ओढला...

"मास्तर, तुम्हाला हे कधीपासून होतंय?"