बहरीन, मखमली पडद्याआडून

बहरीनला जायचं ठरलं ते एका भांडणामुळे.

माझा धाकटा भाऊ मिलिंद तिथल्या विमानतळावर टेक्निशियन आहे. त्याची बायको वैशाली एका दवाखान्यात रिसेप्शनला. दोघं मुहर्रकला राहतात. कित्येक वर्षं "ताई, या ना एकदा" चाललं होतं आणि आम्ही नागपुरात बसून "पाहू" म्हणत होतो. मग नोव्हेंबरात वैशालीचा फोन आला.

"ताई, तुम्ही याच आता. यांनी गुंडाची गाडी घेतली."

"गुंडाकडून घेतली?"

"नाही हो. घेतली चांगल्या माणसाकडून, पण गुंडासारखी करून टाकली. मी त्या गाडीत पाय ठेवत नाही. एक तर ती राहील नाही तर मी. तुमचंच ऐकतात ते."

मी निवृत्त मुख्याध्यापिका. कुणी न्यायनिवाड्याला बोलावलं की मला नाही म्हणता येत नाही. माझे यजमान सुधाकरराव म्हणाले, "आपण मध्ये कशाला पडायचं?" आणि बॅग भरायला घेतली.

जाणाऱ्यांसाठी: व्हिसा ऑनलाइन मिळतो. परतीचं तिकीट आणि ज्यांच्याकडे उतरणार त्यांच्या रेसिडेंट आयडीची प्रत जवळ ठेवा. मुंबईहून विमान साडेतीन तासांत पोचवतं. एक दिनार म्हणजे दोनशेच्या वर रुपये, हा हिशोब पहिल्या दिवशी मनात करावा आणि दुसऱ्या दिवशी सोडून द्यावा, नाही तर चहासुद्धा गिळवत नाही. डिसेंबर-जानेवारीत जा. हवा पुण्यासारखी असते.

विमानतळाबाहेर मिलिंदने "जय भीम, ताई!" म्हणत मिठी मारली आणि अभिमानाने गाडीकडे बोट दाखवलं.

ती उभी नव्हती, बसलेली होती. लांबलचक काळी जपानी सेडान, जमिनीला इतकी टेकलेली की खालून मांजर गेलं नसतं. चाकं वरून आत आणि खालून बाहेर, पाय फाकवून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी. मागच्या काचांना काळ्या मखमलीचे पडदे, सोनेरी झालरीचे. डॅशबोर्डवर छोटं चकचकीत टेबल. आरशाला जाडजूड रेशमी गोफ.

"पंगत बसवतो का इथं?" सुधाकरराव टेबलाला हात लावत म्हणाले.

"भाऊजी, याला व्हीआयपी स्टाईल म्हणतात. जपानमध्ये बिप्पू म्हणतात. ओसाकाकडची फॅशन. सगळे पार्ट तिकडून मागवले."

वैशालीने मला मिठी मारली, आमची छोटी बॅग उचलली आणि सरळ टॅक्सीत जाऊन बसली. पुढचे काही दिवस हे असंच चाललं. पुढे आमची काळी गाडी, मागे वैशालीची टॅक्सी.

मुहर्रकच्या गल्लीत शिरताना पहिला स्पीडब्रेकर आला. मिलिंदने गाडी थांबवली आणि अतिशय अदबीने विचारलं, "भाऊजी, ताई, जरा उतरता का?"

आम्ही उतरलो. वजन कमी झालं म्हणून गाडी बोटभर वर आली. मिलिंदने ती तिरपी करून एकेक चाक असं चढवलं, जसं आपण झोपलेलं मूल पलंगावर ठेवतो. दुकानाबाहेर बसलेले एक अरबी आजोबा ओरडून प्रोत्साहन देत होते, "यल्ला! यल्ला!" घरापर्यंत असे चार स्पीडब्रेकर. तिसऱ्याला मी उतरून चालतच घर गाठलं. मी आधी पोचले.

पुढचे दोन दिवस मी मुहर्रक पायी पाहिलं आणि तुम्हीही तसंच पाहा. मोत्यांच्या व्यापाऱ्यांची जुनी घरं, जाड भिंती, नक्षीचे दरवाजे. केशराचा, चिकट, ताणला की लांबणारा हलवा दुकानदार आधी चमचाभर चाखायला देतात. तीन दुकानांत चाखलं की नाश्ता होतो. टपरीवरचा करक चहा वेलदोड्याचा, गोड, आणि खिशाला अजिबात न लागणारा.

सुधाकरराव हे सगळं काळा गॉगल लावून बघत होते, कारण महिन्यापूर्वीच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. आणि उजवा हात खिशात, कारण तो नेहमीच खिशात असतो. तरुणपणी हिंगण्याच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली त्यांची अर्धी करंगळी गेली. चाळीस वर्षं झाली, पण लोकांची नजर तिथे जाते म्हणून ते हात लपवतात. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेवाला एकच हात आहे.

तिसऱ्या दिवशी मिलिंद मला नईम भागात घेऊन गेला, अबू हसनच्या गॅरेजात. गाडी खाली बसवली ती यानेच. मला वाटलं होतं, दाढीवाला कुणी दांडगट असेल. निघाला बारीक आवाजाचा, चष्मेवाला. त्याने आधी मला खुर्ची पुसून दिली.

"मॅडम, ये गाडी नहीं, ये इज्जत है," तो हिंदीत म्हणाला. आखातात सगळ्यांना हिंदी येते. "जपान में पहले माफिया का बडा आदमी ऐसा गाडी चलाता था. काला, लंबा, परदा. फिर जवान लडका लोग ने कॉपी किया. अभी सिर्फ स्टाईल है. माफिया मफी."

मफी म्हणजे नाही. माफिया मफी. वाक्य इतकं छान होतं की मी निवाडा मिलिंदच्या बाजूने द्यायचं जवळजवळ ठरवलंच.

"वैशालीला हे काऊन नाही सांगत तू?" मी परतताना विचारलं.

"सांगितलं ना. ती म्हणते, गुंडांची कॉपी करायला इतकं शिकला का?" तो आरशाचा गोफ सारखा करत म्हणाला, "ताई, इथं मी दिवसभर ओव्हरऑल घालून दुसऱ्यांच्या बॅगा चढवायच्या गाड्या दुरुस्त करून राहिलो. या गाडीतून उतरलो की लोक पाहतात. वाईट आहे का ते?"



मग किल्ला. बहरीनचा किल्ला चुकवू नका. समुद्राकाठी सोनेरी दगडाचा, आणि संध्याकाळी तर नुसता मध. शेजारी म्युझियम, म्युझियमला कॅफे, कॅफेतून समुद्र. वाहनतळापर्यंत रस्ता सपाट आहे, ही बाब आमच्यासाठी फार महत्त्वाची होती.

आम्ही पोचलो. काळी गाडी फुसफुसत थांबली, मागोमाग वैशालीची टॅक्सी. समोरून एक वयस्कर जपानी जोडपं येत होतं, गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोप्या. मिलिंदने धावत येऊन मागचं दार उघडलं, कारण ते आतून नीट उघडत नाही. पडदा हलला आणि सुधाकरराव उतरले. काळा गॉगल, काळा सदरा, चेहऱ्यावर सपाट भाव. भाव सपाट, कारण त्यांना उन्हात काही दिसत नव्हतं.

ते जपानी गृहस्थ जागच्या जागी थांबले, बायकोला मागे घेतलं आणि कमरेत खोल वाकले.

कुणी नमस्कार केला आणि सुधाकररावांनी परत केला नाही, असं होत नाही. खिशातला हात बाहेर आला. दोन्ही तळवे जुळले, साडेनऊ बोटं छातीशी आली आणि तेही तितकेच खोल वाकले.

ती बाई अस्फुट ओरडली. दोघं झपाझप म्युझियममध्ये शिरले.

"भाऊजी, हात खिशात घाला!" मिलिंद पांढराफटक पडला होता.

"काऊन?"

मग मिलिंदने सांगितलं. जपानच्या गुंडांच्या टोळीत चूक झाली की माणूस आपली करंगळी कापून म्होरक्याला देतो. काळी गाडी, पडदे, मागे दुसरी गाडी, गॉगल आणि अर्धी करंगळी. "त्यांना वाटलं तुम्ही डॉन आहात."

मला हसू आवरेना. वैशालीने तर टॅक्सीच्या बॉनेटवर डोकं टेकलं. पण सुधाकरराव हसले नाहीत. "म्हातारी बाई घाबरली माझ्यामुळे," ते म्हणाले. "मी सांगून येतो." आणि तरातरा निघाले.

ते दोघं कॅफेत कोपऱ्याच्या टेबलावर होते. डॉन आपल्या तीन माणसांसह येतोय म्हटल्यावर गृहस्थ उभेच राहिले. सुधाकररावांचं इंग्रजी कारखान्यापुरतं. त्यांनी करंगळी त्यांच्यासमोर धरली, दुसऱ्या हाताची मूठ वर नेली आणि टेबलावर दाणकन आपटली. "प्रेस! धाड! फिनिश!"

बाईंनी पर्स पुढे केली.

"अहो, बसा आधी खाली!" वैशाली मध्ये घुसली. दवाखान्यात दिवसभर दहा देशांचे घाबरलेले पेशंट सांभाळणारी बाई ती. तिने सुधाकररावांना खुर्चीत दाबलं, गॉगल काढायला लावला आणि पिशवीतून डबा काढून कोथिंबिरीच्या सांबारवड्या टेबलावर ठेवल्या. मग मोबाईलवर भाषांतराचं ॲप उघडून सावकाश बोलली. मोबाईल जपानीत काहीतरी बोलला. गृहस्थांनी सुधाकररावांच्या उघड्या, पाणावलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग करंगळीकडे. मग ते हसू लागले. बाई तर रडेपर्यंत हसल्या आणि त्यांनी त्या अर्ध्या करंगळीला हळूच हात लावला. चाळीस वर्षांत परक्या माणसाने पहिल्यांदा. सुधाकररावांनी हात मागे घेतला नाही.

त्यांचं नाव ओकादा. मुलगी-जावई बहरीनमध्ये, त्यांच्याकडे आलेले. सांबारवडी खात, अडखळत्या इंग्रजीत आणि मोबाईलमधून त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांच्या वडिलांची छोटी खाणावळ होती. दर महिन्याला एक काळी, पडद्यांची गाडी दारात थांबायची. मागची काच खाली व्हायची नाही. वडील एप्रन काढून बाहेर जायचे, हप्त्याचं पाकीट ड्रायव्हरला द्यायचे आणि पडद्याकडे तोंड करून वाकायचे. गाडी वळणाआड जाईपर्यंत वाकलेलेच. ओकादा तेव्हा शाळेत. आत कोण बसतं ते त्यांनी कधी पाहिलं नाही.

"आता तसं नाही," ते मिलिंदकडे बघून घाईने म्हणाले. "माझा पुतण्याही अशीच गाडी सजवतो. साधा कारकून आहे. छान मुलगा."

मिलिंद टेबलावरचे कण गोळा करत होता.

निघताना ओकादांनी विचारलं, "मी मागे बसून पाहू?"

मिलिंदने दार उघडलं. ते आत शिरले, पडदा ओढून घेतला. आम्ही बाहेर उभे. बराच वेळ पडदा हलला नाही. मग बाजूला झाला आणि त्यांचा गोंधळलेला चेहरा बाहेर आला.

"आतून काहीच दिसत नाही," ते म्हणाले. "माझे वडील इतके वाकायचे. आत बसणाऱ्याला ते दिसतच नव्हतं." आणि ते पुन्हा हसू लागले. या वेळी त्यांची बायको हसली नाही. तिने त्यांचा हात धरून त्यांना बाहेर काढलं.

त्या संध्याकाळी मी निवाडा देणार होते. भाषण तयार होतं, दोन मुद्दे मिलिंदच्या बाजूचे, तीन वैशालीच्या. खाली गेले तर मिलिंद स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मागच्या सीटवर गुडघे टेकून बसला होता. पडद्यांची पट्टी निघता निघत नव्हती. वैशाली बाहेर मोबाईलचा उजेड धरून उभी होती आणि सूचना देत होती. मी तशीच वर आले. मुख्याध्यापिकेला आपला तास कधी नाही ते कळायला हवं.

दुसऱ्या दिवशी अबू हसनने गाडी चार बोटं वर उचलून दिली. "खलास," तो दुःखाने म्हणाला, "अभी ये टॅक्सी हो गया."

शुक्रवारी माहूज भागात एका नाशिककर इंजिनिअरच्या फ्लॅटवर बुद्धवंदना होती. सगळे मिळून निघालो. वैशाली पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसली, पाय पसरले, एसीची जाळी स्वतःकडे वळवली आणि म्हणाली, "सीट तर मस्त आहे हो. आधी काऊन नाही सांगितलं?" मिलिंदने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर बघत राहिले. माहूजला इमारतींच्या रांगा, खाली किराणा, लाँड्री, केरळी हॉटेल. पराठा आणि अंडाकरी खा, आखडता हात घेऊ नका.

नागपूरला परतून आता महिना झाला. लोक विचारतात, बहरीन कसं? मी सांगते, लहान आहे, समुद्र आहे, हलवा आणा, आणि गाडी भाड्याने घ्याल तर उंच घ्या.

परवा आम्ही चौकात भाजी घेत होतो. काळ्या काचांची एक मोठी गाडी हॉर्न न वाजवता आली. आमच्या भागातल्या एका 'भाऊं'ची. पालकवाल्याने न सांगता ठेला मागे ओढला, चहावाला उठून उभा राहिला, आम्ही दोघं पिशव्या सावरत नाल्याच्या कडेला झालो. गाडी गेली. काचेत फक्त आमचंच प्रतिबिंब दिसलं, जरासं वाकलेलं.

"पाहिलं?" सुधाकरराव म्हणाले.

या गाडीला मी वर्षानुवर्षं वाट देत आले आहे. त्या दिवशीही दिली. वाकलेय हे मात्र पहिल्यांदाच कळलं.