न विचारता नेलेली सायकल

नातीच्या सायकलचं कुलूप ओढून पाहताना गंजलेल्या साखळीचा तेलकट वास बोटांना लागला आणि शिंगणापूरच्या आत्याचं अंगण आठवलं.

शाळेत असताना माझी नवी सायकल दाखवायला मी घोडेगावहून एकटीच तिच्याकडे गेले होते. लिंबाला टेकवून कुलूप लावू लागले, तशी आत्या ओरडली, "काढ ते! शनिदेवाच्या गावात कुलूप लावत्यात व्हय?" तिच्या घराला दारच नव्हतं, नुसती चौकट आणि पडदा. किल्ली मुठीत धरूनच मी जेवायला बसले. दर घासाला मान पडद्याकडे वळे. पडद्याआडून डोकावले, तर लिंबाखाली सायकल नव्हती!

"आत्या, सायकल गेली!"

"येईल की," म्हणत तिनं माझ्या ताटात आमटी वाढली.

मला रडू येत होतं, पण रडावं की नाही तेच कळेना. चोरी झाली म्हणावं, तर या गावात तो देवावरच अविश्वास. मी हात धुवेपर्यंत शेजारचे अण्णा अंगणात सायकलवरून उतरले. कॅरिअरवर दळणाचा डबा होता. "हवा कमी हुती पोरी, भरून आनली," एवढं म्हणून ते डबा घेऊन गेले.

न विचारता नेली म्हणून रागवायचं की हवा भरली म्हणून आभार मानायचे? मला अजूनही कळलेलं नाही.

नगरच्या आमच्या सोसायटीत नातीच्या सायकलला दोन कुलपं असतात. ती कधी जागची हलत नाही. आज वाकून पाहिलं, तर दोन्ही चाकांत हवा नव्हती.