तीनदा टाकायची करवंटी

पाणी दिसलं की भाऊ आधी करवंटी टाकायचे. धरण असो की ओढा, गाडी बाजूला लावायची, करवंटी फेकायची आणि कमरेवर हात ठेवून बघत राहायचं. "तीनदा टाकायची, मावशी. पानी पहिल्या खेपेला खोटं बोलतं."

भाऊ वडिवळ्याचे. घरची भातशेती, आणि जोडीला कार्ल्याच्या नाक्यावर टेम्पो ट्रॅव्हलर. खाचरातलं पाणी कुठून कुठं पळतंय, ते पेंढ्याची काडी टाकून बघायची लहानपणापासूनची सवय. देवीच्या गडाच्या पायथ्याशी माझं नारळ-ओटीचं दुकान, त्यामुळे करवंट्यांना तोटा नव्हता. सीटमागे पिशवी भरून ठेवायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "आमचं मशीन हाय ते."

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. तो बरोबर असतो, म्हणूनच त्याचा जास्त राग येतो.

गडावर दर्शनाला येणारे कोळी लोक मला वर्षानुवर्षं म्हणायचे, "मावशी, एकदा समुद्रावर ये." त्यांना नारळ देता देता केस पिकले, समुद्र काही दिसला नाही. शेवटी गणपती झाल्यावर आम्ही बचत गटाच्या बायकांनी भाऊंची गाडी केली आणि कोकणात उतरलो. मला एकच करायचं होतं, समुद्रात गळ्यापर्यंत बसायचं. त्यासाठी जुनं लुगडं वेगळं घेतलं होतं.

किनारा काय देखणा! पण एकेक लाट म्हणजे भिंत. पोरंपोरी फळ्यांवर उभी राहून त्या लाटांवरून घसरत येत होती. मधे मात्र एक पट्टा अगदी शांत, आपल्या धरणासारखा. मी पदर खोचून तिकडेच निघाले.

"मावशी, थांबा!"

पहिली करवंटी डुलत डुलत पायाशी आली. "बघा," मी म्हटलं. दुसरी तिथंच घुटमळली. तिसरी सरळ आत निघाली, आत, आणखी आत, आणि ठिपका होऊन दिसेनाशी झाली.

"अहो भाऊ, करवंटी हलकी असते. मी काय करवंटी आहे?"

"पान्याला कुटं म्हाईत तुमी कोन ते!"

काखेत फळी धरून चाललेली एक मुलगी थांबली. "काका बरोबर बोलतायत. लाटांच्या पलीकडे जायला आम्ही तिथूनच शिरतो. ते पाणीच आत ओढून नेतं."

झालं! भाऊंची मान आणखी ताठ. मी म्हटलं, मग लाटांत बसते. "लय मोठ्या हाईत. आज न्हाई." एवढ्या लांब येऊन घोटे तेवढे भिजले.

खंडाळ्याचा घाट चढेपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले. लुगडं घडी न मोडता मांडीवर. कार्ल्यात उतरताना भाऊ म्हणाले, "ती पोरगी म्हनली, दिवाळी सरली की लाटा बारीक हुत्यात. मी नेतो परत. पान्यात बसवतो, मग तर झालं?"

मी गाडीचं दार आपटलं.

दिवाळी यायच्या आत भाऊ गेले. घरच्या घरी, झोपेत. शब्द देऊन असं जातात का? माझा राग अजून उतरलेला नाही.

यंदा थंडीत आम्ही पुन्हा गेलो, त्याच किनाऱ्यावर. नवा ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, पाहिजे तेवढं भिजा," आणि सीट मागे टाकून झोपला. पाण्याकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. असा संताप आला!

माझ्या पिशवीतली करवंटी मीच काढली. तो शांत पट्टा लांब सोडला आणि जिथं बारीक लाटा फुटत होत्या तिथं टाकली. एकदा परत आली, दोनदा आली, तिसऱ्यांदाही आली. मग दोघींचे हात धरून, जुनं लुगडं नेसून, मी बसले. गळ्यापर्यंत नाही, कमरेपर्यंतच.

"बघा भाऊ, बसले की नाही!" असं म्हणत मागे वळले, तेवढ्यात लाट डोक्यावरून गेली. उघड्या तोंडात सगळं खारं पाणी. डोळे पुसून पाहिलं, तर किनाऱ्यावर आमच्या चपलांची रांग होती. कमरेवर हात ठेवून कुणीच उभं नव्हतं.